न शिकवलेला खेळ

हातमागांच्या गल्लीत वगदींना नुसतं वगदी म्हणून कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे म्हणायचे, कॅप्टन. ते कधी कुठल्या संघाचे कॅप्टन नव्हते. पण आमच्या महल्ला शहरात जो पोरांना खेळ शिकवतो तो कॅप्टन, मग त्याने आयुष्यात एखादा कप उचललेला असो वा नसो. सरकारी शाळेत कवायत आणि फुटबॉल शिकवण्यात वगदींचा जन्म गेला. त्यांनी कुणा पोरावर हात उचलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ज्याला डाव्या पायाने चेंडू मारता येत नसे त्याच्यासाठी ते शाळा सुटल्यावर थांबत, आणि एकदाचा त्याचा डावा पाय चालला की स्वतःच जिंकल्यासारखे शीळ घालत घरी जात.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या प्रहराची नमाज आटोपून ते हाज शफीकच्या चहाखान्याबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. समोरच मोकळी जागा होती. पूर्वी तिथे मागांची शेड होती. ती पडली, वारसांची आपसांत जुंपली, आणि त्या भांडणाच्या कृपेने गल्लीतल्या पोरांना मैदान मिळालं. मैदान म्हणायचं आपलं. एका अंगाला उतार, मधोमध तुतीचं झाड, आणि दुसऱ्या अंगाला उम्म हानीच्या घराची भिंत. भिंतीवर चेंडू आपटला तरी खेळ चालूच. झाडाला लागला तर ज्याच्या हाती आधी तुती लागेल त्याचा चेंडू. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चेंडूही घरचाच. स्पंजचा गोळा घ्यायचा, त्यावर फाटके मोजे एकावर एक चढवायचे, गिरणीतल्या सुताने करकचून आवळायचं आणि वरून सरस फासायचा. असा चेंडू उसळत नाही. तो पायाशीच ठेवावा लागतो. उम्म हानीच्या वाळत घातलेल्या चादरीवर त्याचा डाग पडला की ती बाई कात्री घेऊन बाहेर यायची आणि सगळ्यांसमोर चेंडूचं पोट फाडायची. दुसऱ्या दिवशी पोरांच्या पायांत एकेक मोजा कमी असायचा आणि मैदानात नवा चेंडू.

वगदींचा नातू मुहाब तेव्हा सहा वर्षांचा होता. गल्लीत लहानमोठी सगळी पोरं एकत्रच खेळत. मिसरूड फुटलेलीही आणि दात पडलेलीही. मुहाब लिंबूटिंबू होता. दोन्हीकडून खेळायचा. त्याला कुणी ढकलायचं नाही आणि त्याचा गोल धरायचा नाही.

एकदा त्याने चेंडू भिंतीवर असा काही तिरपा मारला की तो झाडाच्या पलीकडून येऊन पुन्हा त्याच्याच पायाशी आला. मधली तिन्ही पोरं झाडाच्या अलीकडे उल्लूसारखी उभी. मुहाबने चेंडू गोल म्हणून ठेवलेल्या दोन चपलांच्या मधून ढकलून दिला.

"हा गोल धरायचा!" बुंदुक ओरडला. बुंदुक म्हणजे हेझलनट. पोरगा तेवढाच गोल आणि तेवढ्याच कडक कवचाचा. गल्लीतला सगळ्यांत मोठा भांडकुदळ.

"लिंबूटिंबूचा गोल कसा धरायचा?"

"मग आजपासून तो लिंबूटिंबू नाही. ए मुहाब, तू मोठा झालास. आता पडलास तर रडायचं नाही."

"मी कधी रडलो?"

"काल."

"काल डोळ्यात धूळ गेली होती."

"दोन्ही डोळ्यांत?"

चहाखान्यात हाज शफीक हसून हसून लोटपोट झाला. वगदीही हसले. पण त्यांच्या मनात आलं, पोराला हे कुणी शिकवलं? आणि कुणी शिकवलं नसेल, तर शिकवल्यावर तो कुठे जाईल!

त्यांना एकच गोष्ट खुपायची, पोरांची भांडणं. अर्धा खेळ भांडणातच जायचा. तीन गोलांचा फरक पडला की हरणारे खाली बसत आणि ओरडत, "तराजू! तराजू!" मग जिंकणाऱ्यांनी आपला एक चांगला गडी त्यांना द्यायचा. कोण द्यायचा यावर भांडण. ज्याला देत तो रुसल्यासारखं करायचा, पण आतून फुलायचा, कारण सगळ्यांत चांगला कोण हे त्यातून जगजाहीर व्हायचं. आणि गोल होता की नव्हता यावर तर रोजची हमरीतुमरी.

"आत होता!"

"बाहेर होता! चपलेच्या डोक्यावरून गेला!"

"डोळे घरी ठेवून आलास काय रे?"

"रोटी आणा! रोटी!"

मग एकजण उम्म हानीच्या खिडकीखाली जायचा. कात्री घेऊन धावणारी तीच बाई खिडकीतून रोटीचा तुकडा द्यायची आणि म्हणायची, "घ्या मेल्यांनो, आणि खोटं बोलाल तर आंधळे व्हाल." ज्याने चेंडू सगळ्यांत जवळून पाहिला त्याने तो तुकडा हातात धरून बोलायचं. मग तो कुठल्या बाजूचा आहे हे कुणी विचारत नसे. हातात अन्न घेऊन खोटं बोलायची छाती कुणाची? बुंदुकसारखा बुंदुक, पण रोटी हातात आली की त्याचे कान लाल व्हायचे आणि तो पुटपुटायचा, "बाहेर होता... पण अगदी थोडासाच."

वगदींना ते आवडत नसे. एका गोलसाठी अन्नाची शपथ! आणि शपथेच्या आधीचा तो कालवा, त्या शिव्या! उभा जन्म शिस्तीत घालवलेला माणूस तो. त्यांना वाटे, या पोरांना नीट मैदान मिळालं, कुणी प्रेमाने शिकवणारा मिळाला, तर या गल्लीचं नाव होईल.

पुढे वारसांचं भांडण मिटलं आणि ती जागा युवक केंद्राकडे गेली. यामागे वगदींचेच हेलपाटे होते. उन्हातान्हात ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलं नाही. मागितलं ते सपाट मैदान, हिरवी कृत्रिम हिरवळ आणि चहूबाजूंनी जाळी. तुतीचं झाड तोडायचं ठरलं त्या दिवशी पोरं दुपारपासून फांद्यांवर चढून बसली होती. वगदींनी त्यांना एकेक करून खाली उतरवलं. "अरे, झाड मैदानात कुठे असतं का?" ते समजावून सांगत होते. पोरांचे ओठ आणि बोटं जांभळी झाली होती.

पहिल्या दिवशी गल्ली लोटली. जाळीतून आत आलेल्या प्रत्येक पोराला रंगीत बंडी मिळाली. वयाप्रमाणे गट पडले. मुहाब त्याच्या वयाच्या पोरांत गेला, बुंदुक मोठ्यांत. जमिनीवर नारिंगी शंकू मांडले होते, आणि त्यांच्यामधून खरा, कातडी चेंडू घेऊन नागमोडी जायचं होतं. शेवटी थोडा खेळ झाला, आणि पहिल्याच गोलवर नेहमीची ठिणगी पडली. बुंदुक सवयीने धावत सुटला आणि खिडकीतून रोटीचा तुकडा घेऊन आला.

वगदींनी तो तुकडा त्याच्या हातून हळूच काढून घेतला. ओठांना लावला, कपाळाला लावला आणि जपून भिंतीच्या कोनाड्यात ठेवून दिला.

"पोरांनो, अन्न असल्या कामासाठी नसतं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "यापुढे शपथ नाही, भांडण नाही. गोल झाला की नाही ते मी बघीन. कोण कुणाकडून खेळणार तेही मी सांगीन. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका. तुम्ही नुसतं खेळा."

आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

आयांना केवढं बरं वाटलं! गुडघे फुटेनात, चादरींवर डाग पडेनात, कानावर शिव्या येईनात. वगदींची मुलगी इब्तिसाम, म्हणजे मुहाबची आई, शेजारणींना सांगायची, "माझा मुलगा कुठल्या वेळी कुठे आहे, हे मला घड्याळाकडे बघून कळतं." पोरं सुधारली. त्यांचे पास सरळ जाऊ लागले. आजूबाजूच्या गावांतल्या संघांना ती हरवू लागली. बुंदुक मात्र टिकला नाही. प्रत्येक शिट्टीवर तो म्हणायचा, "पण कॅप्टन—" आणि दोनतीनदा समज देऊनही जेव्हा ते "पण" थांबेना, तेव्हा वगदींनी त्याला जड मनाने घरी बसायला सांगितलं. इतर पोरांची घडी बिघडत होती.

मुहाब कधी "पण" म्हणाला नाही. आजोबा दाखवतील ते तो पहिल्या फटक्यात उचलायचा. पाय कुठे, खांदा कुठे, नजर कुठे, सगळं कसं पाटीवर लिहिल्यासारखं. तेराव्या वर्षी त्याच्या खेळात बोट ठेवायला जागा उरली नव्हती. सरावाच्या वेळेआधी तो यायचा आणि वेळ संपली की बूट काढून पिशवीत घालायचा. एका सरावापासून दुसऱ्या सरावापर्यंत त्याच्या पायाला चेंडू लागलेला कुणी पाहिला नाही. वगदींना ते कळलं नव्हतं असं नाही. पण ते त्याला शहाणपण समजत होते.

कैरोच्या एका मोठ्या क्लबचा माणूस पोरं निवडायला महल्लाला येणार, अशी बातमी आली तेव्हा वगदींना रात्रभर झोप लागली नाही. त्यांच्या मनात एकच नाव होतं.

आलेल्या पाहुण्याचं नाव कॅप्टन लुत्फी. पोट सुटलेला, हसऱ्या डोळ्यांचा, चहात चार चमचे साखर घालणारा. वगदींनी पोरांना रांगेत उभं केलं होतं, शंकू मांडले होते, शिट्टी ओठांत धरली होती. लुत्फींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कॅप्टन वगदी, तुमचा मान राखून एक मागू? ते शंकू उचला. पोरांना एक चेंडू द्या, आणि आपण दोघं समोर जाऊन चहा घेऊ."

"चहा? अहो, आणि सराव कोण घेणार?"

"कुणी नाही. घोटवून घेतलेलं आम्हाला रोज दिसतं, ते आम्ही शिकवतोही. मला बघायचंय ते यांना न शिकवलेलं."

वगदी हसले. त्यांनी चेंडू मुहाबच्या हाती दिला. "खेळा," ते म्हणाले.

"काय खेळायचं, आजोबा?"

"खेळा रे. खेळ खेळा."

चहाखान्याबाहेर दोन खुर्च्या टाकल्या गेल्या. हाज शफीकने चहाबरोबर फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, आणि गरम रोट्या आणून ठेवल्या, पाहुणा आहे म्हणून. जाळीपलीकडे पोरं उभी होती. एकजण कमरेवर हात ठेवून, एकजण बंडीची कड चावत. थोड्या वेळाने कुणीतरी आपणहून रांग लावली आणि सगळी तिच्यात शहाण्यासारखी उभी राहिली. रांगेच्या तोंडाशी जायला काहीच नव्हतं.

"भली पोरं आहेत," लुत्फी म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यामुळेच वगदींना ते जास्त लागलं.

शेवटी मुहाबनेच दोन बाजू पाडल्या. उंचीप्रमाणे, एक इकडे, एक तिकडे, जशा आजोबा पाडत तशा. खेळ सुरू झाला. पास सरळ जात होते. मुहाबची बाजू पाहता पाहता चार गोलांनी पुढे गेली. हरणारी पोरं हरत राहिली. कुणी खाली बसलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळी अधूनमधून चहाखान्याकडे बघत होती. वगदींना आपल्या जिभेच्या टोकावर एक जुना शब्द आल्याचं जाणवलं. तो त्यांनी चहाबरोबर गिळला.

मग तो गोल झाला. म्हणजे झाला की नाही, तोच प्रश्न होता. मुहाबच्या गोलासमोर गर्दी झाली, चेंडू रेषेवर घोटाळला आणि त्याने पाय घालून तो बाहेर काढला. दोन्ही बाजूंची पोरं थबकली. क्षणभर वगदींना वाटलं, आता पेटेल! आता हमरीतुमरी होईल! त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आयुष्यात पहिल्यांदा ते भांडणाची वाट बघत होते.

भांडण झालं नाही. सगळी पोरं जाळीच्या दारातून बाहेर पडून थेट त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"कॅप्टन, गोल की नाही?"

"तुम्हीच ठरवा."

"आम्ही कसं ठरवणार?"

"जसं..." वगदींचे शब्द अडखळले. टेबलावर रोट्या होत्या. काय करतो आहोत हे कळायच्या आत त्यांनी एक तुकडा तोडला आणि मुहाबपुढे धरला. "घे. हातात घे आणि सांग. तू तिथेच होतास. चेंडू आत गेला होता?"

मागची लहान पोरं एकमेकांकडे बघून खुदखुदली. आपल्या कॅप्टनला हे काय झालं, त्यांना कळेना. मुहाबचा चेहरा मात्र लाल झाला.

"आजोबा, काय हे, सगळ्यांसमोर. तुम्हीच म्हणाला होतात ना, अन्नाची शपथ घ्यायची नाही."

"आज घे. मी सांगतो म्हणून घे."

मुहाबने तुकडा घेतला. सांगितलं की तो सगळंच करायचा. पण मग तो नुसता उभा राहिला, रोटीकडे बघत.

"बोल ना. आत होता की बाहेर?"

"मला नाही माहीत."

"अरे, तुझ्या पायाखाली होता चेंडू!"

"मी बघितलं नाही, आजोबा," मुहाब म्हणाला, आणि त्याच्या आवाजात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. "तुम्ही बघता ना."

हाज शफीक फडका हातात तसाच धरून दाराशी उभा होता. लुत्फींनी कपाची कड बोटाने पुसली आणि मायेने म्हणाले, "जा बाळांनो, दमलात. पाणी प्या."

पोरं गेल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्यासारखी मेहनत करणारा मी फार कमी बघितला, कॅप्टन. एकाही पोराचा पाय चुकत नाही."

"मग?"

"मग काही नाही. त्यांना कुणी चुकू दिलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "तो तुमचा नातू, लहानपणी कसा खेळायचा हो?"

वगदींनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीसमोर आता जाळी होती. तिरपा मारलेला चेंडू तिच्यात अडकून खाली पडला असता. "चांगला खेळायचा," ते म्हणाले.

लुत्फींनी कुणालाच निवडलं नाही. मुहाबला त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही, आणि वगदींना त्याचंच दुःख झालं. त्या संध्याकाळी जेवताना मुहाब शांतपणे म्हणाला, "आजोबा, मी उद्यापासून नाही आलो तर चालेल का?"

इब्तिसाम उसळली. "एका माणसाने नाही घेतलं तर एवढं? रडूबाई कुठला!"

"त्यासाठी नाही, आई."

"मग कंटाळा आला?"

"कंटाळाही नाही." तो विचार करत होता. प्रश्नाचं नीट उत्तर द्यायची त्याला सवय होती. "तिथे सगळं कळतं. आता काय करायचं, मग काय करायचं. फक्त मला ते आवडतं का, ते कळत नाही. तुम्ही सांगा ना, आजोबा. मला आवडतं का?"

वगदींच्या हातातला घास हातातच राहिला. नातवाने आजवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं होतं.

दोनेक दिवसांनी त्यांनी मुहाबला गळ घातली. "सराव नाही. शंकू नाहीत, शिट्टी नाही. आपण दोघंच जाऊ. गंमत म्हणून."

मुहाब आला. नाही म्हणायचं त्याला कुठे शिकवलं होतं? रिकाम्या मैदानात आजोबा एका टोकाला आणि नातू दुसऱ्या. मुहाबने चेंडू मारला. तो बरोबर वगदींच्या पायाशी येऊन थांबला. त्यांनी परत मारला. पुन्हा तो बरोबर पायाशी आला. वगदींनी मुद्दाम वेडावाकडा मारला, टाचेने मारला, एकदा तर पाठ करून दोन पायांमधून मारला, म्हाताऱ्या कमरेने कुरकुर केली तरी. पोराने हसावं, चिडावं, "आजोबा, हा रडीचा डाव!" म्हणावं, म्हणून. मुहाब प्रत्येक वेळी धावत जाऊन चेंडू आणायचा आणि तितक्याच अचूकपणे पाठवायचा.

शेवटी तो जवळ आला. "आजोबा, रागावू नका, पण तुमचा पाय वाकडा पडतोय. घोटा घट्ट धरा. आणि मारताना नजर वर नको." वाकून त्याने आजोबांचा पाय दोन्ही हातांनी हलकेच धरला आणि सरळ करून ठेवला. "हं. आता मारा."

वगदींनी नाना प्रकारच्या पोरांचे पाय याच हळुवारपणे, याच शब्दांत सरळ केले होते. शिकवलेलं एक अक्षरही पोराने वाया घालवलं नव्हतं. त्यांनी घोटा घट्ट धरला आणि चेंडू मारला. तो अगदी सरळ गेला.

"छान," मुहाब म्हणाला. "जाऊया आता?"

"जाऊया."

त्यानंतर मुहाबचे बूट पलंगाखाली गेले. वगदींनी युवक केंद्रातल्या लोकांशी पुष्कळ वाद घातला आणि शुक्रवारची दुपार मोकळी करून घेतली. दार उघडं, कुणी शिकवणारा नाही, गट नाहीत, ज्याला यायचं त्याने यावं. आया नाराज झाल्या. केंद्रातला कारकून म्हणाला, "कॅप्टन, तुम्हीच बसवलेली घडी तुम्हीच विस्कटताय." ते म्हणाले, "हो बाबा, मीच."

पहिल्या शुक्रवारी पोरं आली आणि त्यांच्याभोवती गोळा झाली. "कॅप्टन, काय करायचं?" "वाटेल ते," ते म्हणाले. पोरं थोडा वेळ उभी राहिली, मग जाळीला टेकून मोबाइलमध्ये डोकी घालून बसली. पुढच्या वेळीही तेच. वगदी चहाखान्यातून टक लावून बघत राहिले, आणि पोरं त्यांच्याकडे. मग कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की काय अडतंय. त्यांनी खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली, मैदानाकडे पाठ करून.

"चहाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून बसणार होय?" हाज शफीक म्हणाला. "शाळेत शिक्षा केल्यासारखं?"

"असू दे."

"आणि चहा तरी सरळ प्याल ना, का तोही उलटा?"

बऱ्याच शुक्रवारांनंतर एकदा पाठीमागून आवाज आला. ती अगदी लहान पोरं होती, ज्यांची नावं अजून कुठल्या गटात लागली नव्हती. आधी नुसती पळापळ, मग कुणीतरी कुणावर खेकसलं, आणि मग एकदम कालवा उठला.

"खोटारड्या! पाय लागला होता तुझा!"

"तुझाच लागला! चिडका बिब्बा!"

वगदींचा हात आपसूक छातीकडे गेला. शिट्टी तिथे नव्हती. ती त्यांनी घरी ठेवली होती, पण हाताला ते अजून ठाऊक नव्हतं. कोण खरं बोलतोय ते एका नजरेत सांगता आलं असतं. त्यांनी मान वळवली नाही.

तेवढ्यात शिकवणीला निघालेला मुहाब पाठीवर पिशवी घेऊन समोर आला. आजोबांना सलाम करून तो क्षणभर थांबला.

"मागे काय चाललंय रे?" वगदींनी विचारलं. "मला दिसत नाही."

मुहाबने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. "भांडतायत."

"जा ना जरा त्यांच्यात. शिकवणीला थोडा उशीर झाला तर झाला. मी सांगीन तुझ्या आईला."

"ती केवढीशी आहेत, आजोबा. मी त्यांच्यात काय करू?" मुहाब हसला. चांगलं, समजूतदार हसू होतं ते, मोठ्या माणसाचं. "आणि त्यांचं काय चाललंय ते मला कळतही नाहीये. काही नियमच दिसत नाहीत."

"नसतील अजून."

"मग?"

"मग... करतील."

मुहाबने मान डोलावली, पटल्यासारखी नव्हे, वडीलधाऱ्यांचं ऐकून घेतल्यासारखी. त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "येतो," म्हणाला, आणि आजोबांच्या मागच्या बाजूने, जाळीच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याला लागला.

त्याची पावलं वगदींना ऐकू येत होती. सारखी, न घसटणारी. ती पावलं जाळीपाशी कुठे रेंगाळतात का, हे ते कान देऊन ऐकत होते. पोरांच्या आरडाओरड्यात ती मधेच हरवली. ती थांबली होती की नुसती ऐकू येईनाशी झाली होती, हे मागे वळून एकदा बघितलं असतं तर कळलं असतं. पण ते वळले असते तर पोरांनी त्यांच्याकडे पाहिलं असतं, आणि भांडण तिथेच थांबलं असतं.

वगदी भिंतीकडे बघत बसून राहिले.